अंधारकोठडीतील कृपा

ग्रॅहम ग्रीन या इंग्रज कादंबरीकाराचे नाव आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानावर असेल. १९०४ साली जन्मलेल्या ग्रीन यांनी १९२६ साली कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि १९९१ साली ते निवर्तले. १९६३ च्या अखेरीस ते गोव्यातही येऊन गेले होते. गोव्याच्या विदुषी मारिया अवरोरा कुटो यांनी १९८८ साली त्यांच्या कादंबऱ्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. ग्रीन यांच्या 'द पॉवर अँड द ग्लोरी' या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा आम्ही येथे विचार करणार आहोत. प्रभूच्या प्रार्थनेला जोडून मिस्साबलीत आपण जी स्तुती उच्चारतो, तिच्यातील सामर्थ्य आणि गौरव अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून हे नाव घेतलेले आहे.

कादंबरीचा विचार आम्ही एका प्रश्नाच्या अनुरोधाने करू इच्छितो. दुसऱ्याचा न्याय करू नये, ही प्रभूची आज्ञा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती पाठ होते, प्रवचनात ती पुनःपुन्हा येते. तथापि न्याय करायचा नाही म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर आपल्यापैकी थोड्यांजवळच असते. चांगल्यावाइटातला भेद विसरून जायचा काय? जे दिसते त्यावर डोळ्यांवर कातडे ओढून बसायचे काय? तसे असेल तर ख्रिस्ती नीतीला अर्थ उरत नाही. आणि तसे नसेल, तर पाप हे पाप आहे असे म्हणत असतानाच पापी माणसाला कृपेने वागवायचे कसे? ग्रीन यांची कादंबरी या प्रश्नाला तत्त्वज्ञानाच्या भाषेत उत्तर देत नाही. ती एक माणूस आपल्यापुढे उभा करते आणि आपण त्याचे काय करणार, असे विचारते.

प्रथम त्या काळाविषयी थोडेसे. मेक्सिकोत १९१७ च्या राज्यघटनेने ख्रिस्तसभेच्या कार्यावर कडक निर्बंध घातले आणि १९२६ साली राष्ट्राध्यक्ष काय्येस यांनी त्यांची कठोर अंमलबजावणी आरंभिली. त्यातून तीन वर्षे चाललेले 'क्रिस्तेरो' युद्ध पेटले. येशूसंघीय धर्मगुरू मिगेल प्रो यांना २३ नोव्हेंबर १९२७ रोजी गोळ्या घालून ठार मारण्यात आले. १९८८ साली त्यांना 'धन्य' म्हणून घोषित करण्यात आले. त्या छळाच्या काळात हौतात्म्य पत्करलेल्या २२ धर्मगुरूंना व ३ प्रापंचिकांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली संतपद दिले. टाबास्को राज्यात तर तोमास गारिदो कानाबाल या सत्ताधीशाने छळाचा कळस केला होता. १९३५ साली त्याची सत्ता जाईपर्यंत तेथील मंदिरे पाडली गेली, दारूवर बंदी आली आणि धर्मगुरूने राज्यात राहायचे तर लग्न केले पाहिजे असा दंडक निघाला.

ग्रीन १९३८ साली टाबास्को आणि शेजारच्या चियापास या राज्यांतून हिंडले. तेथे त्यांच्या कानावर एका पळून लपणाऱ्या धर्मगुरूची हकीकत आली. हा मनुष्य दारूच्या नशेत एका मुलग्याचा स्नानसंस्कार करावयास आला आणि त्याने त्या मुलाला हट्टाने मुलीचे नाव दिले. त्याच्याविषयी सांगणाऱ्याच्या बोलण्यात एवढाच भाव होता की, तो काय, एक दारुडा पाद्री, त्याचे मोल ते काय! ज्या माणसाला गावाने एका शब्दात निकालात काढले, त्याच माणसाला ग्रीन यांनी आपल्या कादंबरीचा नायक केले आणि त्या मुलग्याला दिलेले ब्रिजिटा हे नाव त्यांनी नायकाच्या मुलीला ठेवले. कादंबरीच्या जन्माची ही कथा ध्यानात घेतली की तिचा रोख कळतो. 'दारुडा पाद्री' हे दोन शब्द म्हणजे एक पुरा झालेला न्यायनिवाडा आहे. ग्रीन यांनी तो खटला पुन्हा सुनावणीस घेतला.

कादंबरीतील धर्मगुरूला नाव नाही. राज्यातले बाकीचे धर्मगुरू पळाले, मारले गेले किंवा लग्न करून मोकळे झाले. हा एकटा उरला आहे, आणि तो संत नाही. ब्रँडीवाचून त्याचे चालत नाही. एकाकीपणाच्या एका रात्री मारिया नावाच्या स्त्रीशी त्याचा संबंध आला आणि तिला त्याच्यापासून ब्रिजिटा झाली. उपवास सुटले, नित्याची प्रार्थना सुटली. मागे राहिलो तो शौर्याने नव्हे, अहंकाराने, असे तो स्वतःच म्हणतो. त्याला पकडण्यासाठी पोलीस गावागावांतून ओलीस माणसे धरतात आणि गोळ्या घालतात, म्हणजे त्याचे जिवंत राहणे लोकांना महाग पडते. आणि तरीही मरणाला टेकलेल्या कुणा बाईसाठी बोलावणे आले की तो सुटकेची बोट सोडून खेचरावर बसतो. पुढे एकदा तो सीमा ओलांडून सुरक्षित राज्यात पोहोचतो. तेथे एक मिश्र रक्ताचा, दोन पिवळे सुळे दाखवीत हसणारा मनुष्य निरोप आणतो, की एक अमेरिकन खुनी जखमी होऊन पडला आहे आणि धर्मगुरू मागतो आहे. हा सापळा आहे हे धर्मगुरूला पक्के ठाऊक असते. तो तरीही परत फिरतो. खुनी पापनिवेदन न करताच मरतो, धर्मगुरू पकडला जातो आणि त्याला गोळ्या घातल्या जातात. अखेरच्या पहाटे आपण देवाकडे रिकाम्या हातांनी चाललो आहोत, एवढीच जाणीव त्याच्यापाशी असते.

कादंबरीचा गाभा आमच्या मते तुरुंगातील एका रात्रीत आहे. मिस्सासाठी मोठ्या कष्टाने मिळविलेला द्राक्षारस एक अधिकारी त्याच्या डोळ्यांदेखत पिऊन टाकतो आणि उरलेल्या ब्रँडीपायी तो पकडला जातो. तो कोण हे पोलिसांना ठाऊक नाही. त्याला ज्या कोठडीत लोटतात तिथे पाय ठेवायला जागा नाही, असह्य दुर्गंधी आहे आणि अंधार असा की शेजाऱ्याचे तोंडही दिसू नये. तेथे एक म्हातारा आपल्या दुरावलेल्या मुलीसाठी विव्हळत आहे. कोपऱ्यात एक स्त्री-पुरुष लाजलज्जा सोडून एकत्र आले आहेत. एक मध्यमवयीन श्रद्धाळू स्त्री आहे, घरात धार्मिक पुस्तके बाळगली म्हणून तिला धरून आणले आहे. आपण या जनावरांच्या मधे कशा येऊन पडलो, हेच तिला कळत नाही.

या कोठडीत धर्मगुरू आपण होऊन सांगून टाकतो, की आपण धर्मगुरू आहोत, आपल्या डोक्यावर ७०० पेसोंचे इनाम आहे आणि आपण एक वाईट धर्मगुरू आहोत. चोर, खुनी, कंगाल अशा त्या गर्दीतून एकही माणूस सकाळी इनामासाठी तोंड उघडत नाही. धर्मगुरूला त्या रात्री त्यांच्याविषयी जी माया दाटून येते तशी माया त्याला सुस्थितीतल्या दिवसांत, मेजवान्या झोडणाऱ्या भक्तमंडळींत कधी वाटलेली नसते. त्याला तेथे एक गोष्ट उमगते. माणसाच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, ओठांची ठेवण, केसांची वाढ नीट न्याहाळली की त्याचा तिरस्कार करणे अशक्य होते. तिरस्कार करणारा माणूस दुसऱ्याला कल्पनेने पाहू शकलेला नसतो.

न्याय करणारा आणि कृपा करणारा या दोघांतला फरक येथे ग्रीन यांनी अचूक पकडला आहे. न्याय करणाऱ्याला दुसऱ्याविषयी कमी माहिती पुरते. किंबहुना माहिती जितकी कमी तितका त्याचा निकाल झटपट आणि ठाम. 'त्या घरची मुलगी', 'तो पिणारा', 'ती घटस्फोटवाली' असे म्हटले की खटला आटोपला. कृपेला मात्र वेळ लागतो. तिला त्या माणसाचे तोंड पाहावे लागते. आमच्या धर्मग्रामस्थांना पापनिवेदनाची जाळी परिचयाची आहे. जाळीच्या एका बाजूस अंधारात धर्मगुरू असतो, दुसऱ्या बाजूस गुडघ्यांवर माणूस असतो, आणि दोघांमध्ये फक्त आवाज असतो. त्या ठिकाणी पापाला पापच म्हटले जाते, त्याचे नाव बदलले जात नाही. तरीही तेथून कुणी धिक्कार घेऊन उठू नये, अशीच त्या संस्काराची योजना आहे. ग्रीन यांची कोठडी ही आम्हांस पापनिवेदनाची एक विराट जागाच वाटते. फरक एवढाच, की येथे पहिले पापनिवेदन धर्मगुरू करतो आणि ऐकणारे सगळे गुन्हेगार आहेत.

कादंबरीतील दुसरे मोठे पात्र म्हणजे त्याच्या मागावर असलेला पोलीस लेफ्टनंट. ग्रीन यांनी त्याला दुष्ट केले नाही, ही त्यांची मोठी सचोटी. लेफ्टनंट निर्व्यसनी आहे, लाच घेत नाही आणि त्याची खोली एखाद्या संन्याशाच्या खोलीसारखी साधी आहे. मुलांवर त्याचे प्रेम आहे. आपल्या गरीब बालपणी श्रीमंत देवळे आणि उपाशी माणसे त्याने शेजारी शेजारी पाहिली आणि त्या मुलांना असे जग पुन्हा दिसू नये म्हणून तो धर्मगुरूंचा नायनाट करू पाहतो. गुणांची बेरीज केली तर लेफ्टनंट धर्मगुरूपेक्षा कितीतरी सरस ठरेल. पण त्याला माणसे गटाने दिसतात. म्हणूनच माणसांवर प्रेम करता करता तो निरपराध ओलिसांना गोळ्या घालू शकतो. कोठडीच्या त्या रात्रीनंतरच्या सकाळी घाणीच्या बादल्या वाहून नेणाऱ्या या कैद्याला तो ओळखत नाही, आणि जाताना दया येऊन त्याच्या हातावर पाच पेसोंचे नाणे ठेवतो. एका मिस्सासाठी दिली जाणारी दक्षिणा तेवढीच असते. धर्मगुरू चकित होऊन त्याला भला माणूस म्हणतो. नाव ठाऊक नव्हते, तोवर लेफ्टनंटला त्याच माणसावर दया करता आली. नाव कळले की तो त्याला मारणार आहे.

पकडले गेल्यावर या दोघांमध्ये जो संवाद होतो, त्यात धर्मगुरू एक गोष्ट बोलून दाखवितो. तुझे कार्य चालायचे तर तुझ्या पक्षातली माणसे चांगलीच निघाली पाहिजेत. माझ्या बाबतीत मी भित्रा असलो काय आणि आणखी काही असलो काय, माझ्या हातून लोकांना देव मिळतोच, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. गुरुविद्यालयात ज्यांनी ख्रिस्तसभेचा इतिहास अभ्यासला आहे त्यांना येथे चौथ्या-पाचव्या शतकातील दोनातुसपंथीयांचा वाद आठवेल. छळाच्या काळात डळमळलेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार खरे नव्हेत, असे ते उत्तर आफ्रिकेतील लोक म्हणत होते. संत ऑगस्टीन यांनी त्यांना उत्तर दिले, की स्नानसंस्कार देणारा खरा तर ख्रिस्त आहे. हात कुणाचे आहेत यावर त्याची कृपा अवलंबून नाही. ख्रिस्तसभेने हीच शिकवण कायम केली. या शिकवणीचा एक अर्थ आपल्या ध्यानात क्वचितच येतो. देवाने आपली कृपा योग्य माणसांच्याच हाती सोपवायची असे ठरविले असते, तर ती कुणापर्यंतही पोहोचली नसती. संत ऑगस्टीन यांनी जे संस्कारांबाबत मांडले, ते ग्रीन यांनी एका थरथरत्या हाताच्या माणसातून दाखविले. छळाच्या काळात डळमळलेल्या धर्मगुरूचीच ही गोष्ट आहे, हेही विसरता येत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. १९५३ साली रोममधील पवित्र धर्मकार्यालयाने या कादंबरीवर नापसंतीचा शेरा मारला. वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल ग्रिफिन यांच्यामार्फत ग्रीन यांना कळविण्यात आले, की पुस्तकात विपरीत भासणाऱ्या गोष्टी आहेत आणि दुरुस्तीवाचून त्याच्या नव्या आवृत्त्या व भाषांतरे निघू देऊ नयेत. हक्क प्रकाशकांच्या हाती आहेत, असे नम्र उत्तर ग्रीन यांनी धाडले आणि बाब तेथेच थांबली. पुस्तक बंदीच्या यादीत गेले नाही. पुढे उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून असे दिसते, की व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयातील मॉन्सिन्यॉर जोव्हानी बात्तिस्ता मोंतिनी यांनी हे पुस्तक वाचलेले होते. त्यांनी त्याचे वाङ्मयीन मोल ओळखून त्यावर आणखी एका जाणकाराचे मत घ्यावे अशी सूचना केली होती. हेच मोंतिनी १९६३ साली पोप सहावे पॉल झाले. १९६५ साली त्यांनी ग्रीन यांना भेटीस बोलाविले. तुमच्या पुस्तकातील काही भाग काही कॅथलिकांना नेहमीच खटकणार, तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे ग्रीन यांनी नंतर सांगितले आहे.

येथे धर्मकार्यालयाला हसणे सोपे आहे, परंतु ते आम्हांस न्याय्य वाटत नाही. त्यांची भीती निराधार नव्हती. कोठडीतल्या त्या जोडप्याकडे पाहून ती श्रद्धाळू स्त्री किळस व्यक्त करते, तेव्हा धर्मगुरू तिला सुचवितो, की त्यांच्यापुरते त्यातही सौंदर्य आहे. कच्च्या वयाच्या वाचकाने एवढेच वाक्य उचलले तर त्याचा अनर्थ होईल. पण पुढचा भाग वाचला पाहिजे. ते सौंदर्य पाहायला संताची नजर लागते, आणि तुम्ही-आम्ही संत नाही, असे तो पुढे म्हणतो. कादंबरीत कोठेही पापाला पुण्य म्हटलेले नाही. उलट धर्मगुरूची सारी वेदना अशी, की आपल्या पापाचा त्याला मनापासून पश्चात्ताप करता येत नाही, कारण त्या पापाचे फळ म्हणजे त्याची मुलगी आणि तिच्यावर त्याचा जीव आहे. अखेरच्या रात्री तो आपल्या तारणाच्या बदल्यात तिचे तारण मागतो. मग त्याच्या ध्यानी येते, की एवढे प्रेम आपण जगातल्या प्रत्येक जिवावर करायला हवे होते. स्वतःला सवलत देणारा माणूस असे बोलत नाही. स्वतःविषयी कठोर आणि दुसऱ्याविषयी मृदू, असे त्याचे माप आहे. आपले माप बहुधा याच्या उलट असते.

आमचे स्वतःचे दोन आक्षेप आहेत, आणि ते निराळे आहेत.

पहिला मारिया आणि ब्रिजिटा यांच्याविषयीचा. पोलीस येतात तेव्हा द्राक्षारसाचा वास लपावा म्हणून मारियाच धर्मगुरूला कांदा चावायला देते. लेफ्टनंट विचारतो तेव्हा ती सात-आठ वर्षांची पोरच त्याच्याकडे बोट दाखवून हा आपला बाप असे सांगते आणि त्याचा जीव वाचतो. त्याच्या पापाचा भार या दोघींनी वाहिला. पण मारियाच्या मनाचे दार लेखकाने आपल्यासाठी फारसे उघडले नाही. कृपेची कथा सांगताना ज्याच्यावर कृपा झाली त्याच्याकडेच सारे लक्ष जाते आणि ज्यांना त्याची किंमत मोजावी लागली ते बाजूला राहतात, असे पुष्कळदा घडते. आजच्या काळात हे बोलणे आवश्यक आहे. जगभरच्या ख्रिस्तसभेत काही धर्मगुरूंनी बालकांवर केलेले अत्याचार गेल्या काही दशकांत उघडकीस आले आणि त्यांवर क्षमेच्या नावाने पांघरूण घातले गेल्याचेही उघड झाले. तशा प्रकारांच्या चौकशीसाठी पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली संपूर्ण ख्रिस्तसभेला बंधनकारक नियम घालून दिले. गुन्हा लपविणे म्हणजे कृपा नव्हे. ज्याला इजा झाली त्याच्यावर तो दुसरा अन्याय असतो. ग्रीन यांचा धर्मगुरू निदान शिक्षेपासून पळत नाही. पकडले जाणार हे ठाऊक असताना तो परत फिरतो.

दुसरा आक्षेप त्या श्रद्धाळू स्त्रीविषयी आहे, आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. कोठडीतील प्रत्येकाला ग्रीन यांनी माया दिली, पण तिला दिली नाही. ती आत्मसंतुष्ट आहे, ती धर्मगुरूची तक्रार त्याच्या महागुरूंकडे करण्याची भाषा करते, तुझ्यासारखा लवकर मेलेला बरा असेही सुनावते. हे सारे खरेच वाईट आहे. धर्मगुरू तिच्याविषयी दया बाळगू पाहतो, परंतु लेखकाची लेखणी तिच्यापाशी येताच थंड होते. पुढे एके ठिकाणी तर भ्याडपणा आणि वासना यांना क्षमा असेल, पण धार्मिकतेच्या अंगवळणी पडलेल्या सवयीला क्षमा मिळेल काय, अशी शंका धर्मगुरूच्या मनात येते. वाचक या विचाराने खूश होतो. आपण त्या बाईसारखे नाही, असे त्याला वाटते. आणि असे वाटता क्षणी परूशी कोण आणि जकातदार कोण, ही अदलाबदल गुपचूप होऊन जाते. दुसऱ्यांचा न्याय करणाऱ्यांचा न्याय करायला आपल्याला फार आवडते.

त्या स्त्रीची बाजू कुणीतरी मांडायला हवी. ज्या राज्यात धार्मिक पुस्तक घरात ठेवणे गुन्हा होता, तेथे तिने ती ठेवली. लग्न करून मोकळ्या झालेल्या पाद्रे होसेपेक्षा तिचे धैर्य निश्चितच मोठे आहे. आमच्या धर्मग्रामांत अशा स्त्रिया आहेत. पहाटेच्या मिस्साला त्या न चुकता येतात, वेदीची फुले त्या बदलतात, मृताच्या घरी नऊ दिवस जपमाळ त्या सांगतात. त्यांच्यापैकी काहींची जीभ तिखट असते, हेही खरे. मिस्सा संपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर कुणाच्या घरी काय चालले आहे याचा निवाडा त्यांच्याकडूनच होतो. तरीही उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप दोनदा घराबाहेर येतो. एकदा धाकट्यासाठी धावत, आणि एकदा अंगणात रुसून उभ्या असलेल्या थोरल्यासाठी. थोरल्याला तो दरडावत नाही, समजावतो. ग्रीन यांची कादंबरी पहिल्यांदा बाहेर येते, दुसऱ्यांदा येत नाही. एवढ्या थोर कलाकृतीतील ही उणीव आम्हांस जाणवते, आणि ती सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

मग ही कादंबरी आपल्या कुटुंबांना काय देते? लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी, दारूने घर धुऊन नेलेला बाप, चर्चमध्ये विवाह न करता संसार थाटलेले जोडपे, मिस्साला येणे सोडलेला तरुण, आणि हो, लोकांच्या मनातून उतरलेला धर्मगुरू, यांच्यापैकी प्रत्येकासाठी आपल्याकडे एकेक तयार शब्द असतो. तो शब्द खोटा असेलच असे नाही. कादंबरीतील धर्मगुरू खरोखरच दारुडा होता. परंतु तो शब्द उच्चारण्यापूर्वी त्या घराची पायरी आपण चढलो होतो काय, त्या माणसाशेजारी घटकाभर बसलो होतो काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. घरी मुलांच्या देखत कुणाविषयी कसे बोलतो, याचाही हिशेब करावा. कादंबरीत एक आई आपल्या मुलांना हुआन नावाच्या तरुण हुतात्म्याचे चरित्र वाचून दाखवीत असते. त्यात तो बालपणापासून निर्दोष, मरतानाही निर्भय असा असतो. लहानगा लुईस त्या गुळगुळीत कथेला कंटाळतो. गावात खराखुरा मारला गेलेला, भित्रा, वास येणारा धर्मगुरू मात्र त्याच्या मनात घर करून राहतो. निर्दोष माणसांच्याच गोष्टी मुलांना सांगत राहिलो, तर दोष असलेल्या माणसाशी कसे वागावे हे ती कोठून शिकणार?

कादंबरीच्या शेवटच्या पानावर त्याच मुलाच्या घराचे दार रात्री वाजते. दारात एक अनोळखी मनुष्य उभा असतो. तो नुकताच बोटीने आलेला नवा धर्मगुरू आहे. तो कसा आहे, पितो की नाही, शूर आहे की भित्रा, त्या मुलाला काहीही ठाऊक नसते. पाहुणा आपले नाव सांगणार, तोच मुलाने दार उघडलेले असते आणि त्याच्या हाताचे चुंबन घेतलेले असते.